खहर : गोदाकाठच्या अनंताचा हिशेब

विषय अनंताचा आहे, पण फळ्यावर फारसं काही लिहायचं नाही. चौथीतला भागाकार आणि सहावीतले अपूर्णांक, एवढ्यावर आपलं काम भागतं.

शाळेत आपल्या प्रत्येकाला एक वाक्य पाठ करून दिलेलं असतं : शून्यानं भागायचं नाही. का नाही, असं विचारलं की उत्तर येतं, नाही म्हणजे नाही. आता गंमत बघा. ज्या माणसाला आपण बीडकर मोठ्या अभिमानानं आपला म्हणतो, तो भास्कराचार्य नेमका शून्यानं भागत होता. चोरून नाही, ग्रंथात नियम देऊन, उदाहरणं घालून. जे उत्तर आलं त्याला तो खहर म्हणतो. ख म्हणजे आकाश, गणितात शून्य. हर म्हणजे छेद. ज्या राशीच्या खाली शून्य आहे ती राशी. आणि ही राशी अनंत आहे, असं तो स्पष्ट सांगतो. मग चूक कोण, शाळा की भास्कराचार्य? हा प्रश्न हातात धरून आपण चालू.

आधी घरचा वाद. भास्कराचार्य आपला कशावरून?

स्वतः त्यानं सिद्धांतशिरोमणीच्या गोलाध्यायात आपला पत्ता दिलाय. जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४. गोत्र शांडिल्य, वडील महेश्वर, आणि गाव विज्जडविड. काही पोथ्यांत विज्जलविड. ते सह्य पर्वताच्या आश्रयाला आहे, एवढंच तो सांगतो. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, शके १०७२ मध्ये, सिद्धांतशिरोमणी पुरा केला. हिशेबाची बाजू इतकी चोख, आणि गावाचं नाव मात्र असं की आठशे वर्षं लोक शोधतायत. ‘विड’वरून बीड, हा आपला मुद्दा. काही अभ्यासकांनीही तो मांडलाय. पण अकबराच्या दरबारातल्या फैजीनं १५८७ साली लीलावतीचा फारसी अनुवाद केला, त्यात तो गाव बिदर म्हणतो. कुणी विजापूर म्हणतं. सतराव्या शतकातला टीकाकार मुनीश्वर सांगतो की हे गाव महाराष्ट्रात, गोदावरीपासून पाच कोसांवर. कोस दोन मैलांचा धरला तर पाच कोस म्हणजे सोळा किलोमीटर. बीडहून गेवराई ओलांडून शहागडच्या पुलावर जाईपर्यंत चाळीसच्या वर किलोमीटर होतात. म्हणजे मुनीश्वराचा शब्द प्रमाण मानला तर बीड बसत नाही.

दुसरीकडं चाळीसगावजवळचं पाटण. तिथल्या देवळात डॉ. भाऊ दाजी लाड यांना एक शिलालेख सापडला आणि १८६५ साली तो प्रसिद्ध झाला. त्यात भास्कराचार्याची अख्खी वंशावळ आहे. मुलगा लक्ष्मीधर, त्याला यादव राजा जैत्रपाळानं दरबारात नेलं. नातू चांगदेव, तो सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी. ह्या चांगदेवानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला मठ काढला, आणि तिथल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्याला १२०७ साली देणगी दिली. लेखाचा शेवटचा भाग चक्क त्या काळच्या मराठीत आहे, कारण देणगी कशातून वसूल करायची हे बाजारातल्या माणसाला कळायला हवं होतं! पण ह्या लेखातही भास्कराचार्य पाटणला जन्मला असं कुठं म्हटलेलं नाही.

तेव्हा आमचं मत असं, की नावाच्या उच्चाराच्या बाजूनं बीड आहे आणि दगडावरच्या पुराव्याच्या बाजूनं पाटण. पाटण सातमाळ्याच्या पायथ्याशी, बीड बालाघाटाच्या. दोन्ही डोंगर सह्याद्रीचेच फाटे, त्यामुळं ‘सह्याच्या आश्रयाला’ ह्या वर्णनानंही निकाल लागत नाही. चौकात पुतळा उभारायला एवढं पुरेल, इतिहास लिहायला पुरत नाही. आणि खरं सांगायचं तर तो कुठं जन्मला ह्यापेक्षा त्याचं गणित ह्या मुलखात कसं फिरलं, कुणी ते तपासलं, ही गोष्ट जास्त मोठी आहे. त्यात आपल्या जिल्ह्याच्या वेशीवरचं एक गाव येतं. तिथं येऊच.

आता भागाकार. भागाकार म्हणजे काय? वीस पोती ज्वारी आहे, दर खेपेला चार पोती न्यायची, किती खेपा? पाच. दोन-दोन नेली तर दहा. एकेक नेलं तर वीस. अर्धं-अर्धं नेलं तर चाळीस. नेण्याचं माप जेवढं लहान, तेवढ्या खेपा जास्त. आता दर खेपेला शून्य पोती न्यायची ठरवली. माणूस येतो, काही न उचलता जातो, परत येतो. किती खेपांत कोठार रिकामं होईल? होणारच नाही. खेपा संपत नाहीत. ‘अनंत’ हा शब्द इथं आपोआप तोंडात येतो.

पण हे सुचायला वेळ लागला. ब्रह्मगुप्तानं ६२८ साली ब्राह्मस्फुटसिद्धांतात शून्याच्या बेरीज-वजाबाकीचे नियम दिले, ऋण संख्यांचेही दिले. जगात इतक्या स्वच्छपणे हे काम त्याच्याआधी कुणी केलेलं दिसत नाही. पण शून्यानं भागायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, छेदात शून्य तसंच राहू द्या. म्हणजे उत्तर दिलंच नाही, नुसतं लिहून ठेवलं. शून्य भागिले शून्य मात्र शून्य, असं तो सांगून बसला, आणि तिथं घसरला. नंतर नवव्या शतकात कर्नाटकातला महावीराचार्य. त्याचं म्हणणं, शून्यानं भागलं तर संख्या बदलत नाही. त्याचा विचार काय असेल ते कळतं : कुणालाच वाटलं नाही, म्हणून सगळं जागेवर राहिलं. व्यवहाराला ते पटतं. पण मग शून्यानं भागणं आणि एकानं भागणं सारखंच झालं, आणि ते चालणार नाही.

ह्या पार्श्वभूमीवर भास्कराचार्याचं बीजगणित उघडलं की वेगळी हवा लागते. तो तीनला शून्यानं भागतो आणि तीन छेद शून्य असं लिहितो. पुढं म्हणतो की ह्या राशीत कितीही मिळवा, कितीही काढा, तिच्यात फरक पडत नाही. हे समजावायला तो अच्युताची उपमा देतो. प्रलयकाळी सगळे जीव विष्णूत लीन होतात, सृष्टीच्या वेळी बाहेर पडतात, पण तो वाढत नाही की घटत नाही. गणिताच्या पुस्तकात ही उपमा वाचून अनेक जण तिथंच हात जोडून थांबतात. आमचं म्हणणं, थांबू नका. उपमेच्या आत हिशेब आहे, तो करून बघा.

तीन छेद शून्य अधिक पाच. पाच म्हणजे पाच छेद एक. अपूर्णांकांची बेरीज आपण कशी करतो? तिरकस गुणाकार. तीन गुणिले एक, तीन. पाच गुणिले शून्य, शून्य. बेरीज तीन. खाली शून्य गुणिले एक, शून्य. उत्तर : तीन छेद शून्य! पाच कुठं गेले? शून्यानं गिळले. पाचाच्या जागी पाच कोटी घेतले तरी तेच. म्हणजे अनंतात मिळवलेलं दिसत नाही ही गोष्ट नुसत्या श्रद्धेतून आलेली नाही, अपूर्णांकाच्या साध्या नियमातून ती बाहेर पडते. आम्हाला ही जागा फार सुंदर वाटते.

आपल्याकडं ह्याचं एक लौकिक उदाहरण आहे. बीडची खजाना विहीर. निजामशाहीत, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात सलाबतखानाच्या अमदानीत बांधलेली. बांधणाऱ्याचं नाव परंपरेनं राजा भास्कर सांगतात. हा भास्कर वेगळा, गल्लत नको. ह्या विहिरीचं पाणी म्हणे कितीही उपसा, पातळी हलत नाही. लोक हे कौतुकानं सांगतात. पण विहीर शेवटी विहीर. तिला भूमिगत झरे आहेत, पाऊस आहे, दुष्काळ आहे. पातळी न हलणं म्हणजे जितकं गेलं तितकं आलं. खहराचं तसं नाही. तिथं भर घालणारा कुणी नाही आणि तरी कमी होत नाही. परळीच्या ज्योतिर्लिंगाची कथा त्याच्या जास्त जवळ जाते : ब्रह्मदेव वर गेला, विष्णू खाली गेला, त्या तेजाच्या खांबाचं टोक कुणालाच लागलं नाही.

आता खोट कुठं आहे ते बघू, कारण खोट आहे.

तीन छेद शून्य अधिक पाच छेद शून्य करा. छेद सारखेच आहेत, म्हणून वरच्या संख्या मिळवल्या तर आठ छेद शून्य. पण मघासारखा तिरकस गुणाकार केला तर? तीन गुणिले शून्य, शून्य. पाच गुणिले शून्य, शून्य. वर शून्य, खाली शून्य. एकाच बेरजेची दोन उत्तरं, आणि दुसरं तर शून्य छेद शून्य, ज्याला काही अर्थच लागत नाही. वजाबाकीतही तेच. अनंतातून अनंत गेलं की काय राहतं? ईशावास्याचा शांतिमंत्र म्हणतो पूर्णच राहतं. तत्त्वज्ञानात ते चालतं. हिशेबात मात्र ‘काहीही राहू शकतं’ असं म्हणावं लागतं, आणि काहीही राहू शकतं म्हणजे हिशेब संपला.

भास्कराचार्याला हे धोक्याचं आहे ह्याची जाणीव होती का? आमच्या मते होती, आणि त्याचा पुरावा लीलावतीत आहे. तिथं एक कोडं आहे. अशी कोणती संख्या, जिला शून्यानं गुणलं, त्यात त्याचंच निम्मं मिळवलं, आलेल्याला तीननं गुणलं, मग शून्यानं भागलं, तर त्रेसष्ट येतात? शाळेतला पोरगा म्हणेल, शून्यानं गुणल्यावर उरलंच काय? भास्कराचार्य म्हणतो, थांब. पुढं अजून क्रिया बाकी असतील तर शून्यानं गुणल्याबरोबर शून्य करून टाकू नको. ‘शून्यानं गुणलेलं आहे’ एवढं लक्षात ठेव. शेवटी शून्यानंच भागायचं आलं तर राशी जशीच्या तशी समज. मग उरतं ते सोपं : संख्येची दीडपट, त्याची तिप्पट, म्हणजे साडेचारपट. साडेचारपट त्रेसष्ट, तर संख्या चौदा.

आजचा गणिती ह्यावर दोन्ही प्रकारे बोलेल. कडकपणे बघितलं तर हे चूक आहे. ही सूट सरसकट दिली तर शून्य गुणिले पाच आणि शून्य गुणिले सात सारखेच, दोन्हीकडं शून्यानं भागा, पाच बरोबर सात! पण ‘शून्य’च्या जागी एखादी अगदी बारीक संख्या घाला. शंभरावा भाग घाला, लाखावा घाला. उत्तर प्रत्येक वेळी चौदाच येतं. बारीक करत करत शून्यापर्यंत नेलं तरी चौदाच. ह्याला आज सीमा म्हणतात, आणि अकरावी-बारावीत कॅल्क्युलसचा पहिला धडा तोच असतो. भास्कराचार्य स्वतः म्हणतो की हा प्रकार ग्रहगणितात फार उपयोगी पडतो. ते खरंच, कारण ग्रहाची एका दिवसाची नाही तर एका क्षणाची गती काढायची तर अशाच विझत जाणाऱ्या मापांशी गाठ पडते, आणि तात्कालिक गतीवर त्यानं सिद्धांतशिरोमणीत काम केलंय. पण सीमेची व्याख्या त्यानं केलेली नाही. ‘भास्कराचार्यानं न्यूटनच्या आधी सगळं शोधलं होतं’ असे निरोप आपल्या मोबाईलवर येतात ते पुढं ढकलू नका. आणि ‘त्याला भागाकार येत नव्हता’ असं म्हणणाऱ्यालाही लीलावतीतलं हे कोडं दाखवा.

त्याच काळात आपल्याकडं आणखी काय चाललं होतं? करणकुतूहल हा त्याचा उत्तरायुष्यातला ग्रंथ शके ११०५ चा. मुकुंदराजांचा विवेकसिंधू शके १११० चा मानतात. जेमतेम पाच वर्षांचं अंतर. तो ग्रंथ अंबाजोगाईचा की विदर्भातल्या आंभोऱ्याचा हा वाद आहेच, पण समाधी अंबाजोगाईला दाखवतात. एक जण संस्कृतात अनंताचा हिशेब मांडतोय, दुसरा मराठीत निर्गुणाचा विचार. दोघांची गाठ पडली होती असं दाखवणारं काहीही नाही, ते जोडायच्या मोहात आपण पडायचं नाही. नंतरचं एक नातं मात्र पक्कं आहे. सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर, ज्याचे शिलालेख अंबाजोगाईला आहेत, आणि त्याच सिंघणाचा मुख्य ज्योतिषी भास्कराचार्याचा नातू. तलवार आणि पंचांग एकाच दरबारात होतं. (त्याच घराण्यातला आणखी एक ज्योतिषी सिंघणाकडं होता, चाळीसगाव तालुक्यातल्या बहाळचा लेख त्याचा. त्याचं नाव अनंतदेव! हा योगायोग, दुसरं काही नाही.)

आता ते वेशीवरचं गाव : पाथरी. माजलगावकडून गोदावरी ओलांडली की पलीकडं. आज परभणी जिल्ह्यात. जुन्या ग्रंथांत त्याला पार्थपूर म्हणतात. तिथं ज्ञानराज नावाचा ज्योतिषी राहत होता, त्यानं १५०३ साली सिद्धांतसुंदर लिहिला. त्याचा मुलगा सूर्यदास. ह्या सूर्यदासानं १५३८ च्या सुमारास भास्कराचार्याच्या बीजगणितावर टीका लिहिली आणि लगोलग लीलावतीवरही. माणूस कल्पक होता. त्याचं एक काव्य असं आहे की सरळ वाचलं तर रामाची कथा, उलटं वाचलं तर कृष्णाची. अशा डोक्याच्या माणसाला खहर आवडला नसता तरच नवल. तिकडं कोकणात नांदगावचा गणेश दैवज्ञ, ग्रहलाघववाला, त्यानं १५४५ साली लीलावतीवर बुद्धिविलासिनी लिहिली. म्हणजे यादव गेले, बहमनी गेले, निजामशाही आली, तरी गोदाकाठी आणि कोकणात भास्कराचार्याचं पुस्तक उघडंच होतं.

आणि मग कृष्ण दैवज्ञ. घराणं मूळचं विदर्भातलं, पयोष्णीकाठच्या दधिग्रामचं, पण काशीला जाऊन स्थिरावलेलं. गोदावरीकाठच्या गोळेगावचं दिवाकराचं घराणंही असंच काशीला गेलं. सोळाव्या-सतराव्या शतकात काशीचं ज्योतिष म्हणजे बरंचसं आपल्या मराठी मुलखातून गेलेल्या घराण्यांचं. मघाचा मुनीश्वर ह्या कृष्णाचा पुतण्या. कृष्ण दैवज्ञाला जहांगीराचा आश्रय होता. १६०० च्या सुमारास त्यानं बीजगणितावर जी टीका लिहिली, तिच्यात खहराचं असं विवेचन आहे की ते वाचताना आम्ही दर वेळी थबकतो.

तो म्हणतो, भाजक जसजसा कमी तसतसं फळ जास्त. भाजक कमीत कमी झाला तर फळ जास्तीत जास्त व्हायला हवं. पण ‘इतकं’ असं सांगता आलं, तर ते जास्तीत जास्त नाही, कारण त्याहून मोठं सांगता येतं. म्हणून ज्याला इयत्ता नाही, ‘एवढं’ म्हणून मोजून दाखवता येत नाही, ते अनंत. बघा, इथं विष्णू नाही, उपमा नाही. ‘तू कुठलीही मोठी संख्या सांग, मी त्याहून मोठी सांगतो’ ही युक्ती आजच्या पाठ्यपुस्तकातही ह्याच रूपात असते.

पुढं तो सावलीचं उदाहरण घेतो. जमिनीत काठी रोवा, ती आपली शंकू. सूर्य जसा क्षितिजाकडं उतरतो तशी सावली लांबते. सावली काढायचं सूत्र असं : शंकूची उंची गुणिले सूर्याच्या नतांशांची ज्या, भागिले उन्नतांशांची ज्या. सूर्य नेमका क्षितिजावर असताना उन्नतांश शून्य, म्हणून छेदात शून्य. आणि नतांश नव्वद, म्हणून वर पूर्ण त्रिज्या, ती १२० धरू. आता एक, दोन, तीन, चार अशा उंचीचे शंकू घ्या. सावल्या येतात १२० छेद शून्य, २४० छेद शून्य, ३६० छेद शून्य, ४८० छेद शून्य. वरचे आकडे वेगळे, पण सावल्या सगळ्या सारख्याच अनंत. कुठलीही सावली दुसरीपेक्षा आखूड आहे असं म्हणता येत नाही.

इथं जरा रेंगाळू या. सूर्य क्षितिजाच्या केसभर वर असताना दुप्पट काठीची सावली दुप्पटच असते. आणखी केसभर खाली, तरी दुप्पटच. शेवटच्या क्षणापर्यंत दुप्पट. आणि मग एकदम दोघी सारख्या? दुप्पटपणा कुठं गेला? हा प्रश्न मनात आला की समजा अनंत खरं भेटलं. अनंत भागिले अनंत ह्याला ठरावीक उत्तर नसतं ते ह्याचमुळं. तुम्ही तिथं कुठल्या वाटेनं पोचलात त्यावर ते ठरतं. दोन काठ्यांच्या वाटेनं आलात तर दोन, तिसऱ्या काठीच्या वाटेनं तर तीन. भास्कराचार्य वरचा तीन पुसत नाही, तीन छेद शून्य असंच लिहितो, तेव्हा ह्या वाटेची खूण तो जपून ठेवतो असं म्हणायला जागा आहे. कोलब्रुकनं १८१७ साली लंडनमध्ये बीजगणिताचा इंग्रजी अनुवाद काढला, त्यात तळटीपांत कृष्णाचं हे विवेचनही आलं.

इथवर अनंत एकच. मोठं, न संपणारं, पण एकच. अनंत किती, हा प्रश्न आपल्या ज्योतिष्यांनी विचारलेला नाही. त्याचं कारणही उघड आहे : त्यांना अनंत भागाकारातून भेटलं, मोजण्यातून नाही.

मोजण्यातून भेटायचं तर आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा असला तर अर्धा कोयता. आता समजा टोळीत एकही अर्धा कोयता नाही. तर एकही आकडा न मोजता तुम्हाला कळलं की टोळीत बाया आणि गडी सारखेच आहेत. जोडी लागली, कुणी उरलं नाही, म्हणजे संख्या सारखी. जर्मनीतल्या हाले गावच्या गेओर्ग कँटरनं ही जोड्यांची रीत अनंताला लावली.

एक, दोन, तीन, चार अशा सगळ्या संख्या एका बाजूला, आणि दोन, चार, सहा, आठ अशा सम संख्या दुसऱ्या बाजूला. एकाची जोडी दोनाशी, दोनाची चाराशी, तीनाची सहाशी. कुणीही अर्धा कोयता राहत नाही! म्हणजे सम संख्या निम्म्या असूनही तितक्याच. वर्गसंख्यांची अशी जोडी गॅलिलिओनं १६३८ साली दाखवली होती, पण अनंताच्या बाबतीत लहान-मोठं-सारखं हे शब्द वापरूच नयेत असं म्हणून त्यानं हात काढून घेतला. कँटरनं हात काढला नाही. ह्या मोजता येणाऱ्या अनंताला त्यानं पुढं आलेफ-शून्य म्हटलं. त्यात पाच मिळवा, आलेफ-शून्यच. दुप्पट करा, तेच. स्वतःशीच गुणा, तेच. खहराचा स्वभाव तंतोतंत.

पण १८७४ साली त्यानं दाखवलं की सगळेच अनंत सारखे नसतात, आणि १८९१ साली त्याची फार सोपी सिद्धता दिली. शून्य आणि एक ह्यांच्या मधल्या सगळ्या दशांश संख्यांची कुणी यादी केली असं समजा. पहिली, दुसरी, तिसरी, प्रत्येकीचे दशांश न संपणारे. आता आपण एक नवी संख्या करू. पहिल्या संख्येचा पहिला अंक पाच असेल तर आपल्या नव्या संख्येत सहा लिहू, नसेल तर पाच. दुसऱ्या संख्येच्या दुसऱ्या अंकाचं तसंच. तिसरीच्या तिसऱ्याचं तसंच. ही नवी संख्या पहिलीसारखी नाही, कारण पहिला अंक वेगळा. दुसरीसारखी नाही, दुसरा अंक वेगळा. यादीत ती कुठंच नाही. मुकादमानं कितीही जोड्या लावल्या तरी एक अर्धा कोयता बाहेर उभाच. म्हणजे हा अनंत आलेफ-शून्यापेक्षा मोठा.

मोठे-लहान अनंत आपल्याकडं कुणालाच सुचले नव्हते असं मात्र नाही. जैन आगमांत संख्यात, असंख्यात आणि अनंत असे वर्ग आहेत, आणि अनंताचेही पोटभेद. जंबुद्वीपाएवढे खड्डे मोहरीनं भरत जाऊन मोठ्या संख्या समजावण्याची त्यांची रीत प्रसिद्ध आहे. षट्खंडागमावरची वीरसेनाची धवला टीका ८१६ सालची. ती हिरालाल जैन यांनी १९३९ पासून अमरावतीहून छापायला घेतली, म्हणून आपल्याला ती वाचता येते. त्यातले बरेचसे ‘अनंत’ आधीच्या संख्येवर क्रिया करून मिळवलेले आहेत, कँटरच्या अर्थानं ते सांतच ठरतील. पण अनंतात तरतम असू शकतं हा विचार करण्याचं धाडस त्यांनी केलं. भास्कराचार्यानं ते केलं नाही, हेही नोंदवायला हवं.

तर शाळा की भास्कराचार्य? शाळेच्या संख्यांत एक करार असतो : भागून आलेलं उत्तर परत गुणलं की मूळ संख्या मिळाली पाहिजे. वीस भागिले चार पाच, पाच चोक वीस. हा करार पाळायचा तर शून्यानं भागायचं नाही, शाळा बरोबर. करार थोडा सैल केला, अनंत नावाचा एक पाहुणा घरात घेतला, तर भागता येतं, पण मग वजाबाकीवर बंधनं येतात. पाहुण्यातून पाहुणा वजा करायचा नाही.

हे काही फक्त कागदावरचं नाही. संगणकांनी अपूर्णांक कसे हाताळायचे ह्याचं एक प्रमाण १९८५ साली ठरलं, आयट्रिपलई ७५४. आज जवळपास प्रत्येक मोबाईल, प्रत्येक लॅपटॉप ते पाळतो. त्यात तीन भागिले शून्य ह्याचं उत्तर अनंत असंच ठरवलंय. अनंत अधिक पाच, अनंत. अनंत वजा पाच, अनंत. नऊशे वर्षांपूर्वीचे नियम सिलिकॉनमध्ये जसेच्या तसे. पण दोन ठिकाणी यंत्र भास्कराचार्यापेक्षा वेगळं वागतं. एक म्हणजे तीन छेद शून्यातला तीन ते विसरून जातं. तीन काय, पाच काय, त्याच्या लेखी एकच अनंत. दुसरं, शून्य भागिले शून्य आणि अनंत वजा अनंत ह्यांच्यासाठी त्यात एक वेगळंच उत्तर ठेवलंय, ‘ही संख्याच नाही’ असं सांगणारं. लीलावतीतलं ते चौदाचं कोडं यंत्राला पायरीपायरीनं करायला लावलंत तर चौदा येत नाहीत, हेच उत्तर येतं. आणि ह्या उत्तराची तऱ्हा अशी की ते स्वतःशी समान आहे का असं यंत्राला विचारलं, तर यंत्र म्हणतं, नाही.